रेसिंग कूलंटनं गाडी खरंच थंड राहते का, का नुसता बाटलीचा खर्च? (नागपूरचा मे महिना धरून बोला)

घाटरोड_रेव्ह
आमच्या रायडिंग ग्रुपवर आठ दिवसांपासून एकच भांडण चालू आहे. डर्ट ट्रॅकवर जाणाऱ्या एका पोट्ट्यानं त्याच्या केटीएम 390 बाईकमध्ये वॉटरलेस कूलंट (इंजिन थंड ठेवायचं बिनपाण्याचं द्रव) टाकलं, अन् आता ज्याला त्याला सांगत फिरून राहिला का भाऊ, टेंपरेचर पंधरा डिग्री खाली आलं. त्याचं ऐकून अजून तिघांनी ऑर्डर केलं. माझं म्हणणं सरळ आहे, हे होऊच शकत नाही.

उष्णता उचलायच्या कामात साध्या पाण्याला तोड नाही. पाण्याची विशिष्ट उष्णता (एक किलो एक डिग्रीनं तापवायला लागते ती, किलोज्यूलमध्ये) 4.18, अर्धं इथिलीन ग्लायकॉल मिसळलं की ती साडेतीनच्या आसपास येते, अन् वॉटरलेस म्हणजे नुसतं ग्लायकॉल, ते तीनच्याही खाली. वरून ते घट्ट, पंपाला ढकलायला जड. म्हणजे तेवढ्याच फेऱ्यात कमी उष्णता रेडिएटरपर्यंत पोचणार. मग थंड कशी होईल गाडी? बाटलीवर चेकर्ड फ्लॅग छापला म्हणून? डेझर्ट कूलरच्या पाण्यात गुलाबजल टाकलं तर वास येते, खोली थंड व्हायला खसच बदलावी लागते.

ज्यांनी ट्रॅकवर वापरलं असेल त्यांनी लिहा, पण कंपनीचं पोस्टर चिकटवू नका बाप्पा.

वर्धारोड_ट्विन
भाऊ तुमचं गणित बरोबर पण प्रश्नच चुकीचा. विशिष्ट उष्णता पाणी पाणी असेपर्यंत कामाची, एकदा त्याची वाफ झाली की काय करता?

हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या भागात, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बाजूची भिंत पाहा. तिथलं धातूचं तापमान मीटरवर दिसते त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त असते. लहान लहान बुडबुडे निघून लगेच विरले तर उलट चांगलं, त्यानं उष्णता जोरात निघते. पण बुडबुडे एकमेकांना चिकटून भिंतीवर वाफेचा थरच बसला तर तिथं पाणी टेकतच नाही, अन् तेवढ्याच जागी हेड तापून गॅस्केट जाते. डॅशबोर्डवर मात्र सगळं छान दिसते, कारण सेन्सर दुसरीकडे बसलेला आहे.

पाणी-ग्लायकॉलचं पन्नास-पन्नास मिश्रण अन् रेडिएटरचं 1.1 बार दाब धरणारं झाकण असलं तर उकळायचं तापमान 129 च्या आसपास जाते, वॉटरलेस तर बिनदाबाचंही 180 च्या वर. ही मार्जिन फालतू नाही. हवा 45 डिग्री, कूलंट 95, म्हणजे रेडिएटरला फरक मिळाला 50 चा. तेच कूलंट 110 पर्यंत जाऊ दिलं तर फरक 65, म्हणजे तोच रेडिएटर 30 टक्के जास्त उष्णता फेकते. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनात सुरुवातीला शंभर टक्के ग्लायकॉल भरत होते ते याच्यासाठीच, गरम चालवा अन् रेडिएटर लहान ठेवा.

घाटरोड_रेव्ह
मर्लिनची अर्धीच गोष्ट सांगितली ना भाऊ. मर्लिन 12 पासून त्याच लोकांनी शुद्ध ग्लायकॉल सोडून 70 टक्के पाणी अन् 30 टक्के ग्लायकॉल केलं, अन् सिस्टिमचा दाब वाढवला. म्हणजे उत्तर बाटलीत नव्हतं, झाकणात होतं! 1.1 बारचं झाकण धड असलं की साधं पाणीसुद्धा 120 च्या वरच उकळते.

अन् 110 वर चालवू म्हणता, ऑइलचं काय? हेड गरम म्हणजे नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकणं), मग ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेते अन् पॉवर जाते. रेस जिंकायला टाकलेल्या कूलंटनं पॉवरच खाल्ली तर काय फायदा.

सक्करदरा_कम्युटर
रेसिंग कोण करून राहिलं बे इथं, सगळे सक्करदऱ्याहून सदरला ऑफिसला जाता 😄 सिग्नलवर फॅन फिरला की गाडी थंड. अन् पंधरा डिग्रीचं म्हणाल तर 2024 च्या मे मध्ये रामदासपेठच्या केंद्रावर 56 डिग्री दाखवलं होतं, देशभर बातमी, मग हवामान खात्यानंच सांगितलं का सेन्सर बिघडला होता. तुमच्या पोट्ट्याचं मीटर पण पाहून घ्या एकदा.

फॉर्म्युला_टीमवाली
एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. "रेसिंग कूलंट" म्हणून जे विकल्या जाते त्यातलं बरंचसं खऱ्या रेसमध्ये चालतच नाही. आमच्या कॉलेजची फॉर्म्युला स्टुडंटची (विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या रेसकारची स्पर्धा) कार आहे, इंजिन तेच 390 चं. नियमात स्पष्ट लिहिलंय, कूलिंगला फक्त साधं पाणी. ग्लायकॉल नाही, वॉटर वेटर (पाण्यात मिसळायचं बाटलीतलं औषध) नाही, काही म्हणजे काही मिसळायचं नाही, आणि टेक्निकल तपासणीत विचारतात. मोटरसायकलच्या एफआयएम (आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघ) रोड रेसिंगमध्येही पाणी किंवा पाणी आणि इथाइल अल्कोहोल, एवढंच. कारण ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं तर लवकर वाळत नाही, त्याची निसरडी साय बसते आणि मागून येणारा वळणावर बाईक पूर्ण झुकवून त्याच्यावर जातो.

मग आम्ही काय करतो? साइडपॉडचा डक्ट, म्हणजे कारच्या बाजूनं रेडिएटरपर्यंत हवा नेणारा बोगदा. पहिल्या डिझाइनमध्ये रेडिएटरच्या कडेला बोटभर फट होती, हवा आपली तिथूनच पसार. फोमची पट्टी लावून ती बंद केली तर जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याही बाटलीनं पडला नसता. आणि स्पर्धा असते जानेवारीत कोइमतूरला, करी स्पीडवेवर, पण टेस्टिंग इथं एप्रिल-मे मध्ये. इथं 45 मध्ये सलग लॅप काढले की तिथं 28-30 मध्ये कूलिंगची काळजीच उरत नाही. गाडी नापास करायला नागपूर बेस्ट आहे.

वर्धारोड_ट्विन
ताई, तो नियम कुणी घसरू नये म्हणून आहे, कूलंट काम करत नाही म्हणून नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची गाडी डांबरावर अर्धा-पाऊण तास धावते अन् मग पाणी काढून ठेवता. रॅलीवाला किंवा डर्टवाला दिवसभर धूळ खाते, रेडिएटरची जाळी मातीनं भरते, फॅनला हवा मिळत नाही, अन् गाडी चालवतच घरी आणायची असते. तिथं उकळायची मार्जिन म्हणजे शेवटपर्यंत पोचणं. मातीवर ग्लायकॉल सांडलं तर कोण घसरून राहिलं?

वॉटर वेटरला पण एकदम खोटं म्हणू नका. पृष्ठताण कमी होते, पाणी धातूला नीट चिकटते, वाफेचा बुडबुडा लवकर सुटते.

घाटरोड_रेव्ह
वेटरचं अर्धं मान्य. पण त्याचा फायदा साध्या पाण्यात जास्त, ग्लायकॉलच्या मिश्रणात थोडका, हे विकणाऱ्यांच्याच तक्त्यात दिसते. अन् लोक काय करतात? कंपनीच्या हिरव्या कूलंटमध्येच वरून ओततात.

हिंगणा_गॅरेजकाका
पोट्टेहो तुम्ही लय मोठं मोठं बोलून राहिले. माह्याकडं गाड्या येते त्या कूलंट कोणतं होतं म्हणून नाही तापत. झाकण खोललं का आतून चहासारखं पाणी निघते, बोअरचं टाकलेलं. आपल्याकडचं बोअर म्हणजे क्षार, रेडिएटरच्या नळ्याइले आतून पांढरा थर बसते, मंग तुमचं दोन हजाराचं औषध त्या थरावरून वाहून जाते, कामाचं नाही. डिस्टिल्ड पाणी घ्या, कॅनमधी भेटते.

दुसरं, कलर पाहून मिसळू नका. हिरवं म्हणजे हेच अन् गुलाबी म्हणजे तेच असा काही कायदा नाही, कंपनीगणिक वेगळं असते. दोन जातीचे मिसळले तं कधी कधी आत जेली होते.

तिसरं, पंपाच्या खालती बारीक भोक असते, तिथून टिपकलं तं सील गेली समजा. साधं पाणी वर्ष वर्ष ठेवान तं हेच होते, अन् अॅल्युमिनियम पण खाते. त्याच्यासाठी कूलंट पाह्यजेच. थंड करायसाठी नाही, सडू नये म्हणून. अन् प्रेशर वॉशर जाळीवर जवळून मारू नका, पाती आडव्या पडते अन् हवाच जात नाही. धूळ मागून पुढं काढा, हलक्या पाण्यानं.

सक्करदरा_कम्युटर
काका इथं सगळ्यात कमी शब्दात सगळ्यात जास्त सांगून गेले

घाटरोड_रेव्ह
आता ऐका, आज त्या पोट्ट्याशी फोनवर बोललो. वॉटरलेसमध्ये जुनं पाणी अजिबात राहू द्यायचं नसते, राहिलं तर उकळायचं तापमान खाली येते, म्हणून त्यानं गॅरेजमध्ये पूर्ण सिस्टिम फ्लश केली. जाळी धुतली, झाकण नवीन टाकलं, थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) बदलला, हवा काढली. अन् मग म्हणते कूलंटनं पंधरा डिग्री उतरले! पाच गोष्टी एकाच दिवशी बदलल्या अन् श्रेय सहाव्या गोष्टीला, हे कोणतं शास्त्र झालं? वरून थर्मोस्टॅट 80 ते 90 च्या मधात कुठं तरी उघडते, रेडिएटरमध्ये दम असला की काहीही भरा, गाडी तिथंच येऊन थांबते.

वर्धारोड_ट्विन
मग करून पाहा ना. तीच गाडी, तेच झाकण, आधी फ्लश करून डिस्टिल्ड पाणी, मग पन्नास-पन्नास, मग वॉटरलेस. दुपारी दोन वाजता, एकच रायडर, तेवढेच लॅप. अन् डॅशच्या दांड्या नका पाहू, बऱ्याच गाड्यांत त्या मधातल्या पट्ट्यात जाणूनबुजून स्थिर ठेवलेल्या असतात. ओबीडीवरून (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा सॉकेट) आकडा घ्या, अन् हेडवर एक्झॉस्टच्या बाजूला वेगळा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, चिकटवा. माझं म्हणणं आहे का रेडिएटरच्या आकड्यात वॉटरलेस हरेल, पण जाळी अर्धी झाकली तर पाणी उकळून बाहेर येईल अन् ते नाही येणार.

फॉर्म्युला_टीमवाली
थर्मोकपल अन् लॉगर आमच्याकडे आहे, सरांना विचारून देते. पण ग्लायकॉल काढाल तेव्हा उघड्या घमेल्यात ठेवू नका, ते गोड लागतं, गल्लीतली कुत्री येऊन चाटतात आणि किडनी जाऊन मरतात. झाकणाचा कॅन आणा सोबत.

हिंगणा_गॅरेजकाका
जागा माह्या शेडमागं आहे. दुपारी दोन वाजता या म्हणता तं ताक तुम्हीच आणा.