नसलेल्याचा फोटो निघते काय?

रिकामी बंडी (धागाकर्ता)

आमच्या गावच्या वाचनालयानं पोळ्यानिमित्त फोटोंची स्पर्धा ठेवली. विषय ‘जे आता नाही’. माणूस, जनावर, वस्तू, काहीही चालेल. गावशिवारातलं पाहिजे, मोबाइलवर काढलेलं असलं तरी हरकत नाही. दारव्हा तालुक्यातलं अडीचशे उंबऱ्यांचं गाव, फोटो आले एकसष्ट. तिघा परीक्षकांत मी एक. आमचं जमलं नाही, निकाल अडला, म्हणून हा धागा.

एकसष्टात चौदा फोटो एकाच वळणाचे. भिंतीला टेकलेली बाई, मांडीवर नवऱ्याचा हार घातलेला फोटो, नजर कॅमेऱ्याकडे. हे चित्र आपण वीसेक वर्षं पाहतो आहोत. तेव्हा मुंबई-दिल्लीचे पत्रकार शेतकरी आत्महत्यांच्या बातमीसाठी यवतमाळात यायचे आणि बाईला म्हणायचे, जरा फोटो हातात धरा. आता आपलीच पोरं म्हणतात. माझं मत, हे चौदाही बाद करा. त्यात गेलेला माणूस कुठेच नाही, दिसते ती फक्त विधवा. तो बैलाला कोणत्या नावानं हाक मारायचा, दुपट्टा कोणत्या खांद्यावर टाकायचा, काही कळत नाही.

नऊ फोटो शकुंतलेच्या रुळांचे. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अडीच फुटी गाडी इंग्रजांच्या काळात कापूस वाहायला टाकलेली. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन ओढायचं, मग डिझेल आलं, मग गाडीच राहिली नाही. रुळांत बाभळी उगवल्या. फोटो देखणे आहेत, पण मला त्यात बाभळी दिसतात. ज्यानं चालत्या गाडीतून उतरून, लघवीला जाऊन, परत तीच गाडी पकडली, त्यालाच तिथं गाडी दिसेल.

कॅमेऱ्याला जे आहे तेच दिसते. १८३८ च्या सुमारास दागेर या फ्रेंच छायाचित्रकारानं पॅरिसमधल्या एका रस्त्याचा फोटो घेतला. दिवसाउजेडी, रहदारी चालू असताना. पण तेव्हा फोटो उमटायला कित्येक मिनिटं लागत, म्हणून जे हलत होतं ते आलंच नाही. रस्ता ओसाड. बूट पॉलिश करून घेत थांबलेला एक जण तेवढा उमटला. त्या रस्त्यावर वर्दळ होती हे फोटो सांगत नाही, कोणीतरी सांगावं लागते.

म्हणून माझी अट: फोटोसोबत, ते ज्यानं पाहिलं होतं त्याच्या दहा ओळी. त्या नसतील तर फोटो बाद.

स्टुडिओवाला

मास्तर, तीस वर्षं झाली मी स्टुडिओ चालवून राहिलो. बाईच्या मांडीवरच्या फोटोत नवरा दिसत नाही म्हणता ना? अर्ध्या घरांत तो भिंतीवरच्या फोटोतही नाही, हे ठाऊक आहे काय?

माणूस गेला की तिसऱ्या दिवशी पोरगं येते. हातात आधार कार्ड. नाहीतर कोणाच्या तरी लग्नातला ग्रुप, त्यात अर्धं तोंड दुसऱ्याच्या फेट्यामागं. ‘मोठा करून द्या, तेरवीच्या आत पाहिजे.’ मान आहे, पण मानेखाली काही नाही. मग मी कोट लावतो. कॉम्प्युटरात माझ्याजवळ दोन कोट आहेत, एक काळा, एक निळा, अन् तीन टाय. जन्मात ज्यानं शर्टाची वरची गुंडी लावली नाही, तो साहेब होऊन भिंतीवर जाते. आमच्या पंचक्रोशीत मेलेली निम्मी माणसं एकाच कोटात आहेत, राजेहो. तो कोट माझा हाय.

एक म्हातारी फ्रेम न्यायला आली. लय वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, ‘हे कोनाचे साहेब होय जी?’ मी खाली बसवली, कोट काढला, पांढरा सदरा लावला, खांद्यावर दुपट्टा टाकला. ती म्हणाली, ‘डाव्या खांद्यावर.’ उलटा करून दिला. पैसे घेतले नाहीत, लाज वाटली.

तर मुद्दा असा, त्या चौदा फोटोंत खरं काही असेल तर ती बाईच. तिलाच बाद करता?

तिफण

नसलेल्याचा फोटो निघत नाही? अजी, आम्हाले तर तो काढून पाठवावाच लागते!

ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून आली. बांधावर उभं राहून पिकाचा फोटो टाका. ठीक, टाकला. मग नाल्याले पूर आला, दीड एकर सोयाबीन मातीसकट गेलं. विम्यासाठी ७२ तासांच्या आत कळवा, फोटो जोडा. रस्त्यावर कंबरभर पाणी, रेंज नाही, तरी लिंबाच्या झाडावर चढून पाठवला. पंधरा दिवसांनी फोन: ‘फोटोत पीक दिसत नाही.’

अरे बाप्पा, तेच तर सांगून राहिलो!

तो फोटो मी स्पर्धेत दिला आहे. नंबर २७. नुसते गोटे अन् चिखल. मास्तरांनी त्यालेही दहा ओळी मागितल्या. आधीच तीन कार्यालयांत लिहून दिल्या आहेत, झेरॉक्स लावू काय?

निंबोणी

त्या चौदात एक फोटो माझा आहे.

मला कोणी ‘धरा’ म्हटलं नाही. भाच्याला मीच बोलावलं. यांना जाऊन अकरा वर्षं झाली. सरकारची लाखाची मदत असते, तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेव. आमची केस अपात्र. कर्ज गावातल्या माणसाचं होतं, वहीच्या पानावर. बँकेचं किंवा सोसायटीचं असतं तर कागद असता. म्हणजे माणूस गेला, पण ज्या कारणानं गेला ते कारण कागदावर नाही. मग मी त्यांना मांडीवर घेऊन बसले त्यात मास्तरांना वळण दिसलं.

तुम्ही म्हणता, दिसते ती फक्त विधवा. मी वेचणीला जाते, डवरणाऱ्या माणसांच्या मागं उभी राहते, बचत गटाचा हिशेब लिहिते. विधवा फक्त तुमच्या त्या यादीत आहे.

आणि दहा ओळी मला लिहिता येतील. माझ्या सासूला येत नाहीत. यांना तिनं माझ्याहून जास्त पाहिलं. तिचा फोटो बाद?

रिकामी बंडी

ताई, ‘बाद’ शब्द उद्धटपणे वापरला. तुमचा फोटो मी पुन्हा पाहिला. माफ करा.

पण बाकीच्यांबद्दल मागं सरत नाही. एकाच मावशीला दोन पोरांनी दोन दिवशी बसवलं आहे, एकदा घरात आणि एकदा चक्क विहिरीच्या काठावर. ती विहीर त्यांची नाहीच. हे मी चालू देणार नाही. ओळींचं म्हणाल तर लिहिता न येणाऱ्यांनी बोलावं, वाचनालयाचं पोरगं लिहून घेईल. ही दुरुस्ती मान्य.

तिफणभाऊ, २७ नंबरला माझं एक मत आधीच आहे. झेरॉक्सच लावा, त्यावरचे शिक्के दिसू द्या.

पुण्यात अडकलेला

शब्दांशिवायही जमतं. अर्जेंटिनात १९७६ नंतर लष्करी राजवटीनं हजारो माणसं उचलून नेली, ती परत आलीच नाहीत. गुस्ताव्हो जर्मानो नावाच्या छायाचित्रकाराचा भाऊ त्यात होता. त्यानं अशा घरांतले जुने फोटो घेतले आणि उरलेल्या माणसांना त्याच जागी, त्याच ढबीत उभं करून पुन्हा फोटो काढले. जुन्यात चार भाऊ, नव्यात तीन, मध्ये जागा तशीच सोडलेली. दोन्ही शेजारी टांगले की बोलावं लागत नाही.

तिफण

तिथं नेणारा कोण होता हे ठाऊक होतं. तिथली रिकामी जागा बोट दाखवते. आपल्याकडं कोणाकडं दाखवल? पावसाकडं? चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्यानं १९ मार्च १९८६ ला बायको-लेकरांसकट जीव दिला. त्या दिवशी आता लोकं दरवर्षी उपास धरतात. रिकाम्या ताटाचा कोणता फोटो काढता? आपलं नसणं असं आहे, भाऊ.

निंबोणी

बोट दाखवायला जागा आहे. वहीचं पान आहे. फक्त ते माझ्याकडं नाही.

रानवाट

जरा वेगळं. ४४ नंबर माझा. मेलेली ढोरं टाकायची जागा, खाली एक सांगाडा आणि कुत्री, वर तीन भाग आभाळ. ज्यांनी लहानपणी तिथं गिधाडांचा थवा पाहिला त्यांना ते आभाळ पाहून कसंतरी होते. ढोरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकनं गिधाडांचे मूत्रपिंड गेले. २००६ मध्ये ते औषध जनावरांसाठी बंद केलं, तोवर उशीर झाला होता. माझ्या पोरीनं फोटो पाहून विचारलं, ‘बाबा, इतकं आभाळ कशाला घेतलं?’ मास्तरांची दहा ओळींची अट मला तेव्हाच पटली. नाइलाजानं.

स्टुडिओवाला

पुणेकरभाऊंचं मले आवडलं. काल जुना डबा उघडला. १९९८ च्या पोळ्याची निगेटिव्ह सापडली. तोरणाखाली सगळ्या जोड्या उभ्या, झडत्या, म्हंजे पोळ्याची गाणी, चालू असाव्यात, दोघातिघांचे तोंडं उघडी हायेत. भिंग घेऊन मोजल्या, एकेचाळीस. औंदा गावात किती आहेत?

तिफण

सहा. त्यातली एक किरायाची. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीले ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हणाले बैल पाहिजेत ना. ट्रॅक्टरले कोण आवतन देईल?

रिकामी बंडी

मग निकाल थांबवू. ह्या पोळ्याला त्याच जागेवरून, त्याच वेळेला फोटो काढू. सहा जोड्या, आपापल्या जुन्याच ठिकाणी. मधल्या जागा सोडायच्या, कोणी सरकायचं नाही. जुना फोटो मोठा करून वाचनालयात लावा, ज्याला जे नाव आठवेल ते त्यानं येऊन सांगावं. बैलाचं पण.

स्टुडिओवाला

तेव्हा कॅमेरा शाळेच्या ओट्यावर ठेवला होता. तो ओटा आता नाही. टेबल लागल, उंच. प्रिंट आज स्कॅन करून ग्रुपवर टाकली आहे.

निंबोणी

पाहिली. डावीकडून पाचवी जोडी आमची, राजा आणि तांब्या. कासरा धरून जे दुसरीकडंच पाहत आहेत ते हेच. तेव्हा आमचं लग्न नव्हतं झालं.

सासूला दाखवली. तिनं दुपट्टा पाहिला आधी.