पीएम किसान: ई-केवायसी झाली, तरी लँड सीडिंग आणि आधार सीडिंग 'नो'

बांधावरचा:
वडिलांचा हप्ता बंद आहे. पोर्टलवर ई-केवायसी 'येस', पण लँड सीडिंग (जमिनीची नोंद अर्जाशी जोडणं) 'नो' आणि आधार बँक सीडिंगही 'नो'. बँक म्हणते आधार लिंक आहे. सीएससीवाला (गावचं सामाईक सेवा केंद्र) म्हणतो नवीन नोंदणी करू. करावी का? नमो शेतकरी या राज्याच्या योजनेचे पैसेही आले नाहीत.

काळीमाती:
नवीन नोंदणी अजिबात नको. त्याच आधारवर दुसरा अर्ज टिकत नाही. आहे त्याच नोंदणी क्रमांकावर दुरुस्ती होते.

बँक खोटं बोलत नाहीये, तिला विचारायचंच वेगळं आहे. केवायसीसाठी खात्याला आधार जोडलेला असतो, तेवढ्यावर हप्ता येत नाही. पैसे आधार क्रमांकावर सोडले जातात आणि एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार चालवणारी संस्था) मॅपरमध्ये, म्हणजे कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत टाकायचे त्या यादीत, त्या आधारापुढे जी बँक असेल तिथे पडतात. एका आधारापुढे एकच बँक. मध्येच कुठे दुसरं खातं काढताना डीबीटीच्या (सरकारी पैसे थेट खात्यात घेण्याच्या) संमतीवर सही झाली असेल, तर मॅपरमध्ये ती बँक बसते आणि घरचे जुनं पासबुक भरून आणत राहतात.

आधी माय आधारच्या साइटवर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. बँकेचं नाव आणि ॲक्टिव्ह की इनॲक्टिव्ह, दोन्ही दिसतं. मग शाखेत 'डीबीटीसाठी आधार सीडिंग'चा संमती फॉर्म भरा, पोच घ्या. काही दिवसांनी स्टेटस परत बघा. खातं व्यवहाराविना निष्क्रिय पडलं असेल तर ते आधी चालू करून घ्या.

गटनंबर:
लँड सीडिंग बँकेच्या हातात नाही. ताजा सातबारा, 8अ, आधार आणि नोंदणी क्रमांक घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जा. जमिनीच्या नोंदीतच घोळ असेल तर तलाठी, तहसील. बहुतेकदा घोळ नावाचा असतो: सातबाऱ्यावर 'बापू', आधारवर 'बापूराव'.

पण निघण्याआधी फेरफाराची तारीख बघाच. जमीन 1 फेब्रुवारी 2019 नंतर खरेदीने, बक्षीसपत्राने किंवा वाटणीने नावावर आली असेल तर पात्रता नाही. खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाने आली असेल तरच सूट. तेव्हा वारस फेरफार आणि मृत्यूचा दाखला लागतो. आजोबा हयात असताना त्यांनी 2020 ला जमीन नावावर करून दिली असेल, तर कितीही चकरा मारा, 'येस' होणार नाही. शेतकरी ओळख क्रमांक काढला नसेल तर तोही काढा, आणि त्यात सगळे गट जोडलेत ना ते तपासा.

काळीमाती:
एक राहिलं. आईच्या नावावरही नोंदणी आहे का? नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं मिळून एकच कुटुंब धरतात, लाभ एकालाच. दोघांचे अर्ज असतील तर प्रत्यक्ष तपासणी होईपर्यंत हप्ता रोखून ठेवतात.

बांधावरचा:
आईची नोंदणी नाही. जमीन वारसानेच आली आहे. मग नमोचं काय? आणि मागचे हप्ते बुडाले का?

गटनंबर:
नमोसाठी वेगळा अर्ज नाही, यादी पीएम किसानवरूनच घेतात. इकडची दुरुस्ती झाली की तिकडचाही अडसर जातो. दोन्हींत प्रत्येकी वर्षाला 6000, 2000 चे तीन हप्ते. अडकलेले हप्ते पात्र असाल तर नंतर जमा होऊ शकतात. दुरुस्तीनंतर स्टेटसमध्ये 'एफटीओ जनरेटेड' (पैसे पाठवण्याचा आदेश निघाला) दिसलं की पैसे निघण्याच्या टप्प्यावर आहेत असं समजा. तिथून पुढे अडलं तर पुन्हा मॅपरच बघा. हेल्पलाइन 155261.