मदत हवी आहे: नोकोडाझोल देऊनही एच३ सेरीन-१० फॉस्फोचा बँड फिकाच

न्यूक्लिओसोम_परळ
हेला पेशी (माणसाच्या कर्करोगाच्या), नोकोडाझोल (पेशींना मायटोसिसमध्ये, म्हणजे विभाजनात, अडवून ठेवणारं रसायन) १०० नॅनोग्रॅम प्रति मिली, १६ तास. मग माध्यम ओतून टाकायचं, गार पीबीएसने दोनदा धुवायचं, स्क्रेपरने खरवडायचं. पेशींचा गोळा बर्फात घालून परळहून खारघरला, सोनिकेटर तिकडे आहे. रस्त्यात दीड-दोन तास. तिथे लायसिस, म्हणजे पेशी फोडणं (फॉस्फेट काढणारी एन्झाइम, म्हणजे फॉस्फेटेज, अडवायला १ मिलिमोलर ऑर्थोव्हॅनाडेट घालून), ०.४ नॉर्मल सल्फ्युरिक आम्लात रात्रभर, टीसीएने प्रथिनं खाली बसवणं, १५ टक्के जेल, मग ब्लॉट. एकूण एच३ (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळतो त्या हिस्टोन प्रथिनांपैकी एक) झकास येतो. फॉस्फोचा (एच३ च्या दहाव्या सेरीनवर मायटोसिसमध्ये लागणाऱ्या फॉस्फेटचा) बँड मात्र नोकोडाझोल न दिलेल्या पेशींइतकाच. ब्लॉकिंग ५ टक्के दुधात. दोष दुधाचा, की आम्लात फॉस्फेट सुटतोय?

हिस्टोनकाका
दोघांनाही उगाच बदनाम करू नका. सेरीनवरचा फॉस्फेट थंड आम्लात टिकतो. सुटतो तो हिस्टिडीनवरचा. दुधातलं केसीन स्वतः फॉस्फोप्रथिन आहे हे खरं, त्यामुळे दुधाऐवजी बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घेतलंत तर बरंच, पण त्याने एवढा फरक पडणार नाही.

तुमचा सिग्नल बेसिनमध्ये गेलाय. मायटोसिसमधल्या पेशी गोल होतात, तळाला जेमतेम चिकटून असतात. माध्यम ओतलंत की त्या गेल्या, उरल्यासुरल्या दोन धुण्यांत गेल्या. खरवडून घेतल्या त्या बहुतेक इंटरफेजच्या, म्हणजे विभाजनात नसलेल्या. फ्लास्क बाजूने थोपटा, ते माध्यमच गोळा करा, ३०० जी वर ५ मिनिटं फिरवा. ओतण्याआधी मायक्रोस्कोपखाली गोल पेशी मोजल्यात तर लगेच कळेल.

पीपी१चा_शेजारी
काकांशी सहमत. पण व्हॅनाडेटही चुकीच्या जागी राखणीला बसवलंय. ते मुख्यतः टायरोसिन-फॉस्फेटेज अडवतं. सेरीन-१० वरचा फॉस्फेट काढतो पीपी१ हा वेगळा फॉस्फेटेज. त्यासाठी सोडियम फ्लोराइड १० ते ५० मिलिमोलर आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलर घाला. ओकाडाइक आम्लापेक्षा कॅलिक्युलिन-ए बरं. पीपी१ ओकाडाइकला सहज दबत नाही.

आणि तो प्रवास! ट्रॅफिकमध्ये बर्फाचं पाणी होतं आणि पेशी तोवर जिवंतच असतात. परळलाच गोळ्यात थेट लेमली बफर (जेलवर चालवण्यासाठीचा एसडीएसचा नमुना-बफर) घालून ९५ अंशावर ५ मिनिटं उकळा, चिकटपणा सुईने मोडा. उकळलेला नमुना खुशाल लोकलने न्या. तोच आम्लाने काढलेल्या हिस्टोनशेजारी चालवा. लेमलीत बँड आहे आणि आम्लात नाही, तर गळती मधल्या वाटेत.

न्यूक्लिओसोम_परळ
माध्यम खरंच टाकत होतो. बँड मिळाला तर क्रोमॅटिन (डीएनए आणि हिस्टोनची गुंडाळी) आकसलं आणि एचपी१ (एच३ च्या लायसिन-९ वरच्या मिथाइलला चिकटणारं प्रथिन) सुटलं असं लिहिता येईल ना?

हिस्टोनकाका
एवढ्यावर नाही. ऑरोरा बी या किनेजने (फॉस्फेट लावणाऱ्या एन्झाइमने) सेरीन-१० ला फॉस्फेट लावला की शेजारच्या लायसिन-९ वरचं त्रिमिथाइल शाबूत असूनही एचपी१ सुटतं, हे २००५ मध्ये दाखवलं गेलं. पण तुमच्या पेशींत ते सुटलं का, हे एचपी१ वेगळं बघूनच कळेल. शिवाय हीच खूण इंटरफेजमध्ये एमएसके१/२ या किनेजमुळे सी-फॉससारख्या जनुकांवर उमटते, आणि तिथे क्रोमॅटिन उघडतं. ते मोजक्या न्यूक्लिओसोमवर असतं, ब्लॉटवर दिसणार नाही; चिप (अँटीबॉडीने क्रोमॅटिनचे तुकडे वेगळे काढून त्यावरचा डीएनए तपासणं) करावं लागेल.

पीपी१चा_शेजारी
अँटीबॉडीही तपासा. सेरीन-२८ भोवतीही तोच ‘एआरकेएस’ क्रम आहे, त्यामुळे काही अँटीबॉडी दोन्हींना धरतात. काही उलट, लायसिन-९ वर असिटिल किंवा मिथाइल असलं की आंधळ्या होतात. मेम्ब्रेनची एक पट्टी फॉस्फेट काढून टाकणाऱ्या लॅम्डा फॉस्फेटेजमध्ये ठेवा, बँड गेला पाहिजे. सेरीन-१० की २८, ते पेप्टाइड स्पर्धेने (अँटीबॉडीत आधी त्या-त्या जागेचं फॉस्फो-पेप्टाइड मिसळून कोणत्याने बँड जातो ते बघून) ठरवा. मेम्ब्रेन ०.२ मायक्रॉनचं घ्या, ०.४५ मधून हिस्टोन आरपार निघून जातात.