‘मरण्याआधी ऐकायचे ५० अल्बम’: आधी अल्बम म्हणजे काय ते तरी ठरवा!

काळी_चार

परवा इथेच एका सभासदाने ‘मरण्याआधी ऐकायलाच हवेत असे ५० अल्बम – सर्व प्रकारचं संगीत’ अशी यादी टाकली. मी बसून मोजली. रॉक ३१, जॅझ ६, हिपहॉप ४, रेगे १ (तोही ‘लेजंड’, म्हणजे बॉब मार्ली गेल्यावर १९८४ साली काढलेलं वेचक संकलन), किरकोळीत ७ आणि पन्नासाव्या नंबरावर ‘कॉल ऑफ द व्हॅली’. अख्ख्या भारताला एक पाट, तोही पंगतीच्या टोकाला, मोरीजवळ.

पण माझं भांडण पाट किती यावर नाही, मापावर आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांचा झिंझोटी राग तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीवर आहे. गोव्याच्या लॉर्नाची कोकणी गाणी छोट्या तबकड्यांवर. प्रल्हाद शिंदे आम्ही ऐकले ते एसटी स्टँडवर, टपरीवाल्याने भरून घेतलेल्या कॅसेटवर. यांच्यापैकी कुणाकडे ‘अल्बम’ नाही, म्हणून यादीत जागा नाही. चाळीस मिनिटांचं पाकीट ज्याच्याकडे, त्याचंच संगीत अत्यावश्यक?

विनाइलवेडा

यादी माझी, तेव्हा बोलणं भाग आहे.

माझ्या घरात गाणं नव्हतं. गणपतीत आरत्यांची एक कॅसेट वाजायची, ती पुढच्या गणपतीपर्यंत कपाटात. १९९६ ला हॉस्टेलवर एका सीनियरने पिंक फ्लॉइडची ‘डार्क साइड ऑफ द मून’ दिली आणि पाठीमागे वहीच्या कागदावर दहा नावांची यादी. त्या यादीमुळे माइल्स डेव्हिसचा जॅझ अल्बम ‘काइंड ऑफ ब्ल्यू’ मिळाला. तो ऐकताना एकच सूर धरून बसायची सवय लागली, आणि त्या सवयीवर तीन वर्षांनी किशोरीताई आमोणकरांचा ‘सहेला रे’ कळला. उलट्या रस्त्याने का होईना, घरी पोचलो. ज्यांना घरीच तंबोरा मिळाला त्यांना यादीची गरज नसेल. आम्हाला होती.

आणि ‘कॉल ऑफ द व्हॅली’ दाखल्यापुरता घेतलेला नाही. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. १९६७ च्या सुमारास काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस रचलाय, सकाळचा अहिरभैरव ते शेवटची पहाडी. राग बदलले की घड्याळ पुढे सरकतं. क्रम बदललात तर गोष्ट मोडते. हा अल्बम नाही तर काय आहे?

सव्वा_मात्रा

‘काइंड ऑफ ब्ल्यू’ ऐका म्हणता, पण कुठला? १९५९ ला ध्वनिमुद्रणाच्या वेळी एक मशीन किंचित सावकाश फिरत होतं, त्यामुळे नेहमीच्या वेगाने लावली की पहिल्या बाजूची तिन्ही गाणी तबकडीवर चढ्या सुरात वाजायची. दुसऱ्या मशीनवरच्या राखीव टेपवरून हे दुरुस्त झालं १९९२ ला! तोवर रेकॉर्ड लावून सोबत वाजवायला बसलेल्यांना आपलंच वाद्य उतरलंय असं वाटत असणार. आवृत्ती न सांगता शिफारस करणं म्हणजे डॉक्टरने ‘एक गोळी घ्या’ म्हणून घरी पाठवणं. तुमच्या पन्नासच्या पन्नास नोंदींत एकाही आवृत्तीचा उल्लेख नाही.

विनाइलवेडा

@सव्वा_मात्रा मालक, लोक मोबाइलच्या स्पीकरवर ऐकतात. तिथे पाव सुराचं काय घेऊन बसलात.

सव्वा_मात्रा

म्हणूनच तर वाटोळं झालं.

आजीची_वही

एवढं सगळं लिहिलंत, पण मराठीतला सर्वांत मोठा अल्बम कुणालाच आठवला नाही? गीतरामायण. ५६ गाणी, एक कवी, एक संगीतकार, एक कथा.

फणसाचा_गरा

ताई, गीतरामायण अल्बम कसा? १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर चाललेला कार्यक्रम तो. आठवड्याला एक गाणं. मुळात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, लता मंगेशकर असे वेगवेगळे आवाज होते. तुम्ही ज्याला गीतरामायण म्हणता ते बाबूजींनी, म्हणजे संगीतकार सुधीर फडक्यांनी, नंतर एकट्याने गायलेलं. एकाच गळ्यात राम, सीता आणि कैकेयी! बाबूजी थोर, पण ते मूळ नव्हे.

आजीची_वही

शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू यावा तर बाबूजींकडूनच. मूळ-बिळ तुम्ही सांगू नका. माझ्या आजीने रेडिओला कान लावून सगळं उतरवून घेतलंय. शुक्रवारी नवं गाणं लागायचं, तेच शनिवारी आणि रविवारी पुन्हा. शुक्रवारी जो शब्द निसटायचा तिथे ती बोटभर जागा सोडायची आणि रविवारपर्यंत भरायची. वही माझ्याकडे आहे. तुमचा तेव्हा जन्म तरी झाला होता का?

फणसाचा_गरा

तुमचाही झाला नसेल! मग आजींनी जे ऐकलं ते मूळ आवाजांतलंच की. वही माझ्या बाजूने साक्ष देतेय.

काळी_चार

गीतरामायणाचा वेगळा धागा काढा, हात जोडतो. इथे मुद्दा…

आजीची_वही

@फणसाचा_गरा वकिली पुरे. मुद्दा आवाजाचा नाही, उच्चाराचा आहे.

फणसाचा_गरा

माणिकताईंचे उच्चार काय वाईट होते?!

निळा_फेटा

गंमत बघा. धागाकर्त्याने प्रल्हाद शिंदेंचं नाव एका ओळीत घेतलं आणि त्यानंतरचे सगळे प्रतिसाद एकतर न्यूयॉर्कमध्ये नाहीतर अयोध्येत.

माझे वडील ६ डिसेंबरला चैत्यभूमीला गेले की पुस्तकं आणि कॅसेटी घेऊन यायचे. वामनदादा कर्डकांची गाणी, कव्वाल्यांचे मुकाबले. कितीतरी कॅसेटींच्या कव्हरवर साल नाही, वादकांची नावं नाहीत. आमच्या वस्तीला बाबासाहेबांचं चरित्र आधी तिथून कळलं, शाळेच्या पुस्तकातून नंतर. एका कॅसेटची टेप तुटली तेव्हा वडिलांनी नेलपॉलिश लावून जोडली. अजून त्या जागी अर्धी ओळ खाल्ली जाते आणि आम्ही सगळे ती तोंडाने भरतो. याला तुमच्यात कितवा नंबर?

आणि काळी_चार, तुमचंही पूर्ण पटलं नाही. अल्बम हे माप चुकीचं म्हणून तुम्ही यादीच फाडायला निघालात. यादीत नाव नसेल तर आमच्याकडे कोण बघणार? मला तर तिथे जागा हवी आहे.

काळी_चार

@निळा_फेटा हे लागलं. यादी फाडू नये, मान्य. माप बदलावं एवढंच म्हणतो: तबकडी, कॅसेट, आकाशवाणीचं रेकॉर्डिंग, काहीही चालावं.

@विनाइलवेडा ‘कॉल ऑफ द व्हॅली’बद्दलचे शब्द मागे. तो पाट मोरीजवळून हलवा. ३१ रॉकबद्दलचे शब्द मात्र तिथेच राहतील.

विनाइलवेडा

उपकार झाले. ‘लेजंड’ काढतो, संकलन आहे हे खरंय. आणखी चार रॉकवाले उठवतो, पाचवा मागू नका. @निळा_फेटा, त्या कॅसेटींपैकी सुरुवात कुठून करू? कव्हरवर जे काही लिहिलंय तेवढं तरी सांगा.

सव्वा_मात्रा

कॅसेट डिजिटल करताना आधी प्लेअरचा वेग तपासा. बहुतेकांचे पट्टे सैल झालेले असतात.

फणसाचा_गरा

@आजीची_वही वहीच्या एका पानाचा फोटो टाकाल का? रविवारी भरलेले शब्द बघायचेत. वाद कायम आहे, हे वेगळं.

आजीची_वही

टाकते. शाई उडालीय, चष्मा लावून बघा.