अनुभव धागा : टाळेबंदीतलं शेजारपण, दिलेलं आणि घेतलेलं

९ मार्च २०२० ला पुण्यात करोनाचे पहिले दोन रुग्ण सापडले आणि २५ तारखेला, ऐन गुढीपाडव्याला, सगळा देश बंद झाला. नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडं, त्यातली पाच नुसत्या म्हाताऱ्या माणसांची. मुलं कुणाची अमेरिकेत, कुणाची बंगळुरूला. आम्ही चौघांनी एक वही घातली. कुणाला काय हवं, कुणाचं कोणतं औषध कधी संपतंय, सगळं त्यात.

पहिल्याच आठवड्यात कळलं की सामान आणणं सोपं आहे, या माणसांकडून गरज वदवून घेणं अवघड. जन्मात कुणाकडे काही मागितलेलं नाही. ‘काही लागलं तर सांगा’ म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘काही नको रे, आहे सगळं.’ मग आम्ही प्रश्नच बदलला. ‘भाजी आणायला निघालोय, मेथी आणू की पालक?’ यावर मात्र उत्तर यायचं.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू खिडकीतून दोरीला पिशवी सोडायच्या. आत यादी आणि मोजून पैसे. एकदा त्यांनी रक्तदाबाच्या गोळीचं नाव फोनवर सांगितलं, मी लिहून घेतलं, दुकानातून ४० मिलिग्रॅमची स्ट्रिप मिळाली, ती पिशवीत घातली. काकूंना २० ची चालू होती. दोन दिवस घेतली, तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन ओटा धरून खाली बसल्या. मला सांगितलं आठवड्यानंतर, मला वाईट वाटेल म्हणून. तेव्हापासून नियम केला. औषधाचं नाव तोंडी घ्यायचं नाही, रिकामी स्ट्रिप पिशवीत टाकायची. आणि नाव-ताकद छापलेला कोपरा शेवटच्या गोळीपर्यंत कापायचा नाही. आजही मी कुणाचं औषध आणताना आधी रिकामी स्ट्रिप मागतो.

तुम्हीही लिहा. केलेलं लिहा, घेतलेलं तर आवर्जून लिहा. माणसांची नावं नकोत.

लालबाग, मुंबई

आमच्या चाळीत एका मजल्यावर वीस खोल्या आणि टोकाला संडास, सगळ्यांचे मिळून. अंतर ठेवायचं तरी कुठे? मंडळाच्या पोरांनी पाळ्या लावल्या, पाठीवर पंप घेऊन दिवसातून सहा वेळा फवारणी. कोपऱ्यातल्या खोलीत एकटे राहणारे आजोबा, गिरणीतले जुने कामगार, पॉझिटिव्ह आले. रुग्णवाहिका आली तेव्हा गॅलरीतली दारं एकेक करून लागली. माझंही लागलं. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

बारा दिवसांनी ते परत आले. आमच्याकडे पाणी पहाटे साडेचारला येतं, तासभर. दुसऱ्या दिवशी मी आधी त्यांच्या दाराशी गेले आणि बाहेरचं पिंप भरायला घेतलं. त्यांनी दार किलकिलं केलं. म्हणाले, ‘आधी तुझं भर गं पोरी, माझं होईल.’ बाकी काही बोलले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. त्या वर्षी लालबागच्या राजाची मूर्ती बसली नाही, त्याऐवजी आरोग्योत्सव झाला, रक्तदान आणि प्लाझ्मादान. आजोबा प्लाझ्मा द्यायला निघाले होते. वयामुळे घेतला नाही, तर बाहेर उभे राहून रक्त देऊन येणाऱ्या पोरांना बिस्किटं देत राहिले.

लातूर जिल्हा, तेव्हा सदाशिव पेठ

मी स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात कॉट बेसिसवर राहत होते. ५ एप्रिलची राज्यसेवा पूर्व पुढे ढकलली, मेस बंद, एसटी बंद. रूममेट आधीच गावी गेलेली. समोरच्या वाड्यातल्या मावशींनी खिडकीतून विचारलं, ‘काय जेवलीस गं?’ मी म्हटलं, मॅगी. दुसऱ्या दिवशीही मॅगी. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही, कठड्यावर डबा ठेवला.

डबा रिकामा परत द्यायचा नसतो, हे आईने शिकवलेलं. माझ्या खोलीत पुस्तकांशिवाय काही नव्हतं. मग मी रोज एका चिठ्ठीवर सामान्यज्ञानाचा प्रश्न लिहून डब्यात ठेवू लागले आणि काका दुसऱ्या दिवशी पोळ्यांच्या फडक्यात उत्तर पाठवू लागले. ‘कळसूबाई, १६४६ मीटर. तरुणपणी दोनदा चढलोय.’ एकूण एकेचाळीस चिठ्ठ्या झाल्या.

पुणे, वस्तीतून

आई चार घरी धुणीभांडी करायची. सोसायट्यांनी गेट बंद केलं. दोन घरांनी पगार दिला, दोघांनी नाही. शिधा वाटायला आलेल्यांनी पिशवी हातात ठेवताना ‘मावशी, इकडे बघा’ म्हणून फोटो काढला. तो फिरत फिरत माझ्या वर्गाच्या ग्रुपवर आला. त्यानंतर आई रांगेत गेली नाही. ज्या दोन घरांनी पैसे दिले, त्यातल्या एका आजींनी फोन करून एवढंच विचारलं होतं, ‘तुझी भरपगारी रजा चाललीय, पैसे कुणाच्या खात्यावर टाकू?’ रजा हा शब्द आईने स्वतःसाठी पहिल्यांदा ऐकला.

लेस्टर, इंग्लंड

इथे २३ मार्चला टाळेबंदी जाहीर झाली. सरकारी आरोग्यसेवेने स्वयंसेवक मागितले, काही दिवसांत साडेसात लाख लोकांनी नावं दिली. मीही दिलं. माझ्या वाट्याला काम आलं ते फोनवर गप्पा मारायचं. एकट्या राहणाऱ्या एक बाई, दर बुधवारी. जूनअखेर बाकीचा देश खुला व्हायला लागला आणि नेमकं आमचं शहर पुन्हा बंद झालं. त्या दिवशी त्या फोनवर रडल्या.

माझी आई कोल्हापुरात एकटी. तिच्याशी रोज बोलायचो, पण ‘जेवलीस का, गोळी घेतलीस का’ याच्या पुढे गाडी जायची नाही. या बाईंनी एकदा विचारलं, तुझ्या आईला लहानपणी काय आवडायचं? मला माहीत नव्हतं. त्याच रात्री आईला विचारलं. पंचगंगेत पोहायची म्हणाली, पुरातसुद्धा. तासभर बोलत होती.

नाशिक

दुसरी लाट, एप्रिल २०२१. आम्ही वर्गणी काढून सोसायटीसाठी सहा ऑक्सिमीटर घेतले होते. ज्या घरात पॉझिटिव्ह, त्या घरी एक. सकाळ-संध्याकाळ आकडा ग्रुपवर टाकायचा, सहा मिनिटं चालून पुन्हा मोजायचा. ९४ च्या खाली गेला की लगेच मला फोन.

पहिल्या मजल्यावर निवृत्त शिक्षक एकटे. त्यांचे आकडे रोज छान यायचे, ९७, ९६, ९७. पाचव्या दिवशी डबा ठेवायला गेलो तर आदल्या रात्रीचा डबा तसाच दारात. हाक मारली. आतून ‘हो’ आलं, पण वाक्य पुरं होईना. बोटावरचा आकडा ८६. तीन दिवस सर खरा आकडा टाकतच नव्हते. ‘तुम्हा पोरांना खाटेसाठी वणवण करावी लागेल,’ म्हणाले. वणवण करावी लागलीच. रात्री दोनला एका ठिकाणी खाट मिळाली. सर वाचले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मी कुणाकडून आकडा लिहून घेतला नाही. व्हिडिओ कॉल करायचा, ऑक्सिमीटर बोटात, बोट कॅमेऱ्यासमोर. काहींना राग आला, ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ म्हणाले. मी माफी मागायचो आणि बोट दाखवा म्हणायचो. मे संपेपर्यंत रोज सकाळी आठ ते नऊ मी नुसती बोटं बघत होतो.