मदत हवी आहे : विलंबित सुरू झालं की माझं लक्ष तूरडाळीकडे जातं

बदलापूर_लेडीज

नमस्कार मंडळी. गाण्यातलं मला काही कळत नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाची निराशा नको. वय सेहेचाळीस, नोकरी फोर्टात, जाऊन-येऊन रोजचे तीन तास लोकलमध्ये. एवढीच माझी ऐकायची वेळ.

झालं असं की जूनमध्ये 'द डिसायपल' पाहिला. चैतन्य ताम्हाणेचा, २०२० सालचा, व्हेनिसला पटकथेचं बक्षीस मिळालेला. इतकी वर्षं 'नंतर बघू'मध्ये पडून होता. शास्त्रीय संगीत म्हणजे जांभया, असं माझं मत. पण तो शरद, सिनेमातला शिकाऊ गायक, रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावरून मोटारसायकल हळूहळू चालवतोय आणि कानात माईंच्या, म्हणजे त्याच्या गुरुजींच्या गुरूंच्या, बोलण्याच्या जुन्या टेपा, एवढ्यानेच मी अडकले. माईंना आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. त्या ओरडत नाहीत, चिडत नाहीत, आणि तरी ऐकताना आपण काहीतरी चोरून खाताना सापडलोय असं वाटत राहतं.

सिनेमा आवडलाच. पण संपल्यावर चारजणांशी बोलले तर चौघंही म्हणाले, शरद कमी पडतो ते त्याच्या गाण्यात ऐकू येतंच की. मला नाही आलं ऐकू! मला तो छान गातोय असंच वाटत होतं. गुरुजी अडवतात, तेव्हा मी मनात म्हणत होते, अहो, गाऊ द्या की पोराला. मग कळलं की गुरुजींचं काम करणारे अरुण द्रविड स्वतः जयपूर घराण्याचे गायक. म्हणजे त्यांना नक्कीच काहीतरी ऐकू येत असणार. ही टोचणी आजतागायत आहे.

त्या टोचणीपायी नमिता देवीदयाल यांचं 'द म्युझिक रूम' वाचलं. दहा वर्षांच्या मुलीला तिची आई केनेडी ब्रिजजवळ धोंडूताई कुलकर्णींकडे गाणं शिकायला घेऊन जाते, तिथून सुरुवात. पुढे धोंडूताईंच्या गुरू केसरबाई केरकर, जयपूर घराणं सुरू करणारे अल्लादियाखाँसाहेब, कोल्हापूर, सगळं येतं. मला आवडलं ते हे, की धोंडूताईंची भक्ती आणि त्यांचं एकटेपण दोन्ही एकाच खोलीत दिसतं, लेखिका त्यातलं काही झाकत नाही. शेवटची पन्नास पानं मी कल्याणला गाडी बदलायच्या नादात वाचायची नाहीत म्हणून शनिवारसाठी राखून ठेवली होती. पुस्तकांच्या बाबतीत हे माझं फार वर्षांनी झालं.

आता अडचण. वाचून झाल्यावर उत्साहाने ख्याल ऐकायला घेतले. विलंबित, म्हणजे सुरुवातीचा संथ भाग, सुरू होतं, पहिली दोन मिनिटं मी अगदी शहाण्यासारखी ऐकते. तिसऱ्या मिनिटाला तूरडाळ संपलीय का हे आठवू लागते. पाचव्याला मुलाची फी. मग एकदम तबला जोरात वाजायला लागतो आणि मी दचकते, कारण द्रुत, म्हणजे शेवटचा जलद भाग, आलेलं असतं आणि मधलं सगळं कल्याण-डोंबिवलीच्या मध्ये कुठेतरी सांडलेलं असतं.

बाबा असते तर त्यांना विचारलं असतं. ते आम्हाला लहानपणी पुण्याच्या रमणबागेत सवाई गंधर्व महोत्सवाला न्यायचे, शाल-सतरंजी-दशम्या घेऊन. मी रात्रभर त्यांच्या मांडीवर झोपायची आणि पहाटे भीमसेनजींना ऐकायला मला हलवून उठवायचे. म्हणजे मी भीमसेन जोशी समोर बसून ऐकलेत आणि मला फक्त थंडी आठवते. बाबांच्या कॅसेटचं खोकं अजून माळ्यावर आहे, पण निम्म्यांना बुरशी आलीय.

तर विचारायचं आहे ते असं. विलंबित ऐकायचं म्हणजे नेमकं कान कशाकडे ठेवायचे? राग ओळखता येत नसेल तर ऐकण्यात अर्थ आहे का? आणि सुरुवात कुणापासून करू? आई सध्या माझ्याकडे आहे, ती नाट्यसंगीतावर वाढलेली. तिलाही सोबत ऐकता आलं तर दुधात साखर.

(कृपया 'मी वसंतराव' सुचवू नका. पाहिलाय, भरपूर रडलेय. पण तो पाहून गाणं आवडतं, गाणं कळत नाही.)

रोखठोक

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. दहा थाट (रागांचे गट), त्यांचे स्वर, वादी-संवादी (रागातले दोन मुख्य स्वर), गायनसमय एवढं पाठ केल्याशिवाय ख्याल ऐकणं म्हणजे लिपी न शिकता पोथीसमोर बसणं. जवळपास एखादा संगीत विद्यालयाचा वर्ग असेल तर प्रवेशिकेला बसा. सिनेमे बघून कान तयार होत नाहीत.

बदलापूर_लेडीज

राग नाही मानला. (थाटही माहीत नाही, राग कुठून मानणार.) पण दादा, साडेआठला घरी पोचते, वर्ग तेव्हा बंद होत असतो.

मिरजेचा_भोपळा

पोथी न वाचता येणाऱ्या आमच्या आज्या कीर्तनात रडायच्याच की, रोखठोकराव.

ताई, अर्धा तास एकदम उचलू नका. तीन मिनिटं ऐका. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत, त्यामुळे त्या काळच्या गवयांना जे सांगायचं ते तेवढ्यात बसवावं लागे. आमच्या गावचे अब्दुल करीमखाँसाहेब (किराणा घराण्याचे, पण मिरजेत राहिले आणि इथेच मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावलेत) यांचं 'पिया बिन नाही आवत चैन' घ्या. ठुमरी आहे, राग झिंझोटी. शब्दांकडे बघू नका. प्रत्येक वेळी 'पिया'वर ते कसे येतात तेवढंच बघा. दिवसातून दोनदा, आठवडाभर.

तुम्ही केसरबाईंबद्दल वाचलंच आहे तर त्यांची भैरवी 'जात कहां हो' पण ऐका. तीही साडेतीन मिनिटांचीच. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर भारतातर्फे हेच गाणं आहे. गोव्यातल्या केरी गावची बाई आता सगळ्या ग्रहांच्या पलीकडे गातेय, आणि तिकडे ऐकणाऱ्यांनीही थाट पाठ केले नसणार.

रोखठोक

हा युक्तिवाद नव्हे, विनोद झाला.

मिरजेचा_भोपळा

दोन्ही.

पेन्शनर_पहिल्या_रांगेतला

बदलापूर ताई, तुमचा प्रश्न फार चांगला आहे, कारण बहुतेक लोक 'लक्ष लागत नाही' हे कबूलच करत नाहीत. मैफिलीत माना हलवणाऱ्यांपैकी निम्मे घरची बिलंच मोजत असतात. मीही अनेक वर्षं मोजली आहेत.

लक्ष का सुटतं? कारण धरायला दांडी नसते. तुम्ही लोकलवाल्या, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. विलंबितात दांडी म्हणजे ताल. गायकाने सूर कितीही लांब नेला तरी ठेका त्याला ठरलेल्या मात्रांनी परत आणतो, आणि पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, दोघं भेटतात. ती भेट ऐकायची. बंदिशीच्या पहिल्या ओळीचा सुरुवातीचा तुकडा असतो ना, तो मुखडा. तो पुन्हा आला की समजायचं, सम आली.

मोजायचं कसं? अंगठ्याने. एका बोटाला तीन पेरं, चार बोटांची बारा : हा एकताल. प्रत्येक बोटाचं टोक धरलंत तर चार चोक सोळा : हा त्रिताल. यंत्र नको, वही नको.

मात्र एक काळजी घ्या. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन पाऊण-एक मिनिटाचं असू शकतं, त्यात नवा माणूस हमखास बुडतो. म्हणून किराणा घराणं आणि अमीर खाँसाहेब आत्ता बाजूला ठेवा. जयपूरवाल्यांपासून सुरुवात करा. त्यांचं विलंबितही बहुधा त्रितालात, जरा चालत्या लयीत असतं, ठेका स्वच्छ ऐकू येतो. अडचण एवढीच की ही मंडळी अनवट (क्वचित ऐकू येणारे) आणि जोडराग फार गातात. पण राग ओळखायचाच नसेल तर ती अडचण तुमची नव्हे, रोखठोक यांची.

पहिली चीज : किशोरीताई आमोणकरांचा भूप राग. 'प्रथम धर ध्यान' आणि त्याला जोडून 'सहेला रे'. एलपीच्या एका बाजूचा ऐवज, म्हणजे ठाणे ते कल्याणदरम्यान आटपेल. भूपात स्वर पाचच, मध्यम आणि निषाद नाहीत, त्यामुळे कान गोंधळत नाही.

आता आईंसाठी. १९१६ चं 'संगीत स्वयंवर', चाली भास्करबुवा बखल्यांच्या. त्यातलं 'सुजन कसा मन चोरी' भूपातलंच. 'नाथ हा माझा' यमन, 'मम आत्मा गमला' बिहाग. भूप लावायच्या आधी आईंना 'सुजन कसा' म्हणायला सांगा. पुढचं तुम्हाला कुणी शिकवावं लागणार नाही.

न्यू_जर्सीतून

+१ आजोबा. मी यात एकच भर घालते. डुलकी लागली तर लागू द्या. माझा बराचसा यमन मी पेंगतच ऐकलाय, आणि एक दिवस किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये तो माझ्या तोंडून आपोआप आला. अर्धा का होईना.

आणि द. वि. पलुसकर विसरू नका! जेमतेम चौतीस वर्षांचं आयुष्य (१९२१ ते १९५५), आणि गाणं असं की कुठे एक शब्द फुकट नाही. 'बैजू बावरा'त अमीर खाँसाहेबांबरोबरची जुगलबंदी तर ऐकलेलीच असेल, 'आज गावत मन मेरो'. तिथून त्यांच्या छोट्या ध्वनिमुद्रिकांकडे जा.

मिरजेचा_भोपळा

माळ्यावरच्या कॅसेटबद्दल : बुरशी आलेली फीत प्लेअरमध्ये घालू नका, प्लेअरही जाईल आणि फीतही. कोरड्या जागी काढून ठेवा. बहुतेक गाणी आता नेटवर आहेतच. पण बाबांनी रेडिओवरून किंवा मैफिलीत स्वतः भरलेली एखादी असेल तर तेवढी बाजूला काढून जाणत्या माणसाकडून साफ करून घ्या. खोक्यावरचं त्यांचं अक्षर वाचा आधी.

बदलापूर_लेडीज

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी हजेरी लावतेय, कारण तुम्ही सांगितलेलं करून बघायचं होतं.

पहिला आठवडा 'पिया बिन'. काही झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात बुधवारी, मुंब्र्याच्या बोगद्यात, तो सूर येण्याआधीच मला कळलं की आता येणार. एवढंच, पण मी चक्क हसले.

मग भूप. बोटांवर सोळा मोजत बसले होते, डोळे मिटून. समोरच्या मावशींनी हळूच विचारलं, "कुठला जप करता? गुण आला का काही?" मी म्हटलं, किशोरीताईंचा. त्यांनी मान डोलावली आणि त्यांच्या गुडघ्यांचं सांगू लागल्या. ते आवर्तन गेलं, पण पुढच्या समेला मी परत गाडीत चढले. 'सहेला रे' आलं तेव्हा या वेळी दचकले नाही. तूरडाळ मध्ये एकदाच आली.

आईचं तर विचारू नका. रविवारी तिला काही न सांगता 'प्रथम धर ध्यान' लावलं. ती मेथी निवडत होती. चार-पाच मिनिटांनी म्हणाली, "अगं, ही बाई 'सुजन कसा'च्या घरात शिरलीय." घरात! मग स्वतःच म्हणू लागली, पहिल्या दोन ओळी, आवाज कापत होता, आणि मेथी तशीच मांडीवर. रोखठोक दादा, तिने कुठलीच परीक्षा दिलेली नाही.

कॅसेटचं खोकं उतरवलं. बहुतेकांवर छापील लेबलं आहेत, पण एका कोऱ्या कॅसेटवर बाबांच्या अक्षरात फक्त 'सवाई, पहाट' लिहिलंय. साल नाही, नाव नाही. हिला बुरशी नाही, तरी लावायचं धाडस झालेलं नाही. ठाणे-कल्याण पट्ट्यात फीत साफ करून देणारं कुणी माहीत असेल तर नंबर इथे नको, व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.

आणि आता नवीनच घोळ. काल रात्री 'डिसायपल' परत लावला. शरद मैफिलीत गातोय, मी बोटं मोजतेय. दोनदा मोजलं. तो समेवर अगदी बरोबर येतो हो! मग कमी काय पडतंय?

पेन्शनर_पहिल्या_रांगेतला

ताई, आता अमीर खाँसाहेबांचा मारवा राग घ्या. सूर्य मावळताना. मोजू नका.