फोटो एडिटिंगसाठी डेस्कटॉपचा प्रोसेसर: ८ कोअर घेऊ की १२? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नवीन डेस्कटॉप जुळवायला घेतला आहे आणि प्रोसेसरपाशी गाडी अडली आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

आताचं मशीन २०१६ सालचं. इंटेल कोअर आय७-६७००, म्हणजे ४ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि ८ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारी कामं), १६ जीबी रॅम, २ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. इतकी वर्षं त्याने इमानेइतबारे साथ दिली. पण हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलवरून ४५ वर गेला. सगळं एकदमच आलं.

मी पक्ष्यांचे फोटो काढते. उडता पक्षी टिपायचा तर बर्स्ट (एका दमात अनेक फोटो) लावावाच लागतो, त्यामुळे एका सकाळी हजार-बाराशे रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या) फाइली सहज होतात. त्या लाइटरूम क्लासिक या फोटो निवडायच्या आणि सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायच्या, १:१ प्रिव्ह्यू (पूर्ण आकाराच्या झलका) बनवायचे, प्रत्येक फोटो १००% वर नेऊन डोळा शार्प आहे का पाहायचं आणि बहुतेक सगळे काढून टाकायचे. उरलेल्यांवर मास्क, नॉइज, रंग. त्यातले चार-पाच फोटोशॉपमध्ये जातात.

गेल्या आठवड्यात टास्क मॅनेजर शेजारी उघडा ठेवून काम केलं. प्रिव्ह्यू बनत होते तेव्हा आठही चौकोन (एका थ्रेडला एक) वरपर्यंत भरलेले, आणि पंखा असा घोंघावत होता की शेजारच्या खोलीत ऐकू यावा. नंतर फोटोशॉपमध्ये एका खंड्याच्या चोचीआड आलेली गवताची काडी पुसायला घेतली. ब्रश फिरवला, कर्सर पुढे गेला आणि त्याचा परिणाम दोन सेकंदांनी मागून आला. तेव्हा मात्र एकच चौकोन वर चढलेला, बाकीचे तळाशी. शेवटी लाइटरूमचं एआय डीनॉइज (फोटोतले दाणे काढणारी सोय) लावून पाहिलं: एका फोटोला नऊ मिनिटं लागली आणि प्रोसेसर त्या वेळात जवळजवळ मोकळाच बसून होता.

म्हणजे एकाच फोटोच्या वाटेत तीन जागी तीन वेगळ्या गोष्टी कमी पडतात: कोअरची संख्या, एका कोअरचा वेग आणि ग्राफिक्स कार्ड. यातल्या कशावर खर्च करावा, हाच माझा प्रश्न आहे. एक्स्पोर्टला वेळ लागला तर माझं काही बिघडत नाही, तो लावून मी उठून जाते. पण हात कामात असताना थांबावं लागलं की लक्ष उडतं. चोचीची कड धरून ब्रश नेताना दोन सेकंदांचा उशीर फार जाचतो.

पाहून ठेवलेले पर्याय: रायझन ७ ९७००एक्स (८ कोअर, १६ थ्रेड), रायझन ९ ९९००एक्स (१२ कोअर, २४ थ्रेड) आणि इंटेल कोअर अल्ट्रा ७ २६५के (८ मोठे आणि १२ छोटे असे २० कोअर). एका विक्रेत्याने १६ कोअरचा प्रोसेसर आणि त्याच्यासोबत अगदी प्राथमिक ग्राफिक्स कार्ड असा संच सुचवला. "फोटोला कार्ड लागत नाही" असं त्यांचं म्हणणं. वरचं डीनॉइजचं चित्र पाहता ते मला पटलं नाही. माझं काही चुकतंय का?

— खंड्या

प्रतिसाद: कवडसा

ताई, तुमचं बरोबर आहे. डीनॉइज जवळपास पूर्णपणे ग्राफिक्स कार्डावर चालतं, आणि २०२२ पासून लाइटरूम क्लासिक एक्स्पोर्टलाही कार्डाची मदत घेतं. ब्रशच्या बाबतीत एका कोअरचा वेग महत्त्वाचा. तिथे ९७००एक्स कमाल ५.५ गिगाहर्ट्झ आणि ९९००एक्स ५.६, म्हणजे हाताला फरक कळणार नाही. माझं मत ८ कोअर घ्या आणि वाचलेले पैसे कार्डात घाला. कार्डाची मेमरी ८ जीबीपेक्षा कमी नको. एक्स३डी प्रकारचे प्रोसेसर कुणी सुचवले तर नाही म्हणा, त्यांची जादा कॅश खेळांना उपयोगी पडते, फोटोंना तितकी नाही.

प्रतिसाद: जुना_लेन्सवाला

थोडा असहमत. बाराशे फाइलींचे १:१ प्रिव्ह्यू बनवायचे तर १२ कोअरचा फायदा दिसतो, तो मी रोज पाहतो. पण त्याआधी एक करून बघा. इम्पोर्ट करताना प्रिव्ह्यूच्या जागी 'एम्बेडेड अँड साइडकार' निवडा. रॉ फाइलीच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः बनवलेला जेपेग असतो, लाइटरूम तोच दाखवतं. बऱ्याच कॅमेऱ्यांत तो पूर्ण आकाराचा असतो, डोळा शार्प आहे की नाही ते त्यावरही कळतं. निवड त्यावर करा आणि १:१ फक्त उरलेल्यांचे बनवा. एवढ्याने भागलं तर १२ कोअरची गरजच उरणार नाही.

प्रतिसाद: धुकं

रॅमबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. ४५ मेगापिक्सेलचा फोटो १६ बिटमध्ये उघडला की एका पिक्सेलला ६ बाइट लागतात, म्हणजे एक पूर्ण लेयर (थर) २७० एमबी. आठ-दहा लेयर, वर हिस्ट्री, आणि मागे लाइटरूम उघडं. १६ जीबी कधीच भरते आणि मग फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे रॅमऐवजी संथ डिस्कवर, जातं. तुमचे ते दोन सेकंद काही अंशी यातलेही असतील, टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आलेख बघा. ६४ जीबी घ्या, पण ३२ जीबीच्या दोनच पट्ट्या (रॅमच्या). रायझन ९००० मालिकेत दोन पट्ट्यांना अधिकृत वेग ५६०० एमटी/सेकंद (मेगाट्रान्सफर) आहे, चार लावल्या की तो ३६०० वर येतो. पुढे वाढवू म्हणून १६ च्या दोन घेऊन ठेवणं इथे अंगाशी येतं.

खंड्या:

सगळ्यांचे मनापासून आभार. धुकं, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. काडी पुसताना मेमरी ९७% आणि डिस्कचा दिवा सतत पेटलेला. मी नुसते कोअरचे चौकोन बघत बसले होते.

लेन्सवाले दादा, एम्बेडेडची युक्ती कालच्या ११०० फाइलींवर वापरली. माझ्या कॅमेऱ्यात तो जेपेग पूर्ण आकाराचाच आहे. याच जुन्या मशीनवर, एकही प्रिव्ह्यू न बनवता, चहा निवायच्या आत निवड सुरू झाली. ८४ फोटो राहिले, त्यांचे १:१ बनायला कितीसा वेळ लागणार!

तेव्हा ९७००एक्स, ३२ च्या दोन पट्ट्या आणि १२ जीबीचं कार्ड असं ठरवते आहे. ९७००एक्सच्या खोक्यात कूलर येत नाही. मी पहाटे घरचे झोपलेले असताना काम करते, तर आवाज न करणारा एअर कूलर कुणी या प्रोसेसरवर वापरला असेल तर अनुभव लिहा. कॅबिनेटची उंची किती लागते तेही सांगा, कारण टेबलाखालचा कप्पा ४५ सेंटिमीटरचाच आहे.